मशीन उघडून दाखवलंत, काका, मनापासून आभार

काका, नमस्कार.

नाव लिहू नको म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण आभार मात्र सगळ्यांसमोरच मानायचेत. आमच्या गोव्यातल्या फोंड्यात हल्ली वॉशिंग मशीनने जरा आवाज केला की लोक सरळ एक्सचेंज ऑफर बघायला धावतात, तेव्हा तुम्ही काय केलंत ते चार घरांत कळायला हवं असं मला फार वाटतं.

तुमच्या आधी जो टेक्निशियन येऊन गेला त्याने मागचं झाकणसुद्धा काढलं नव्हतं. स्पिन लावला, आवाज ऐकला, ड्रम गेला म्हणाला. पूर्ण टब असेंब्ली बदलावी लागेल, आणि खर्च सांगितला तो नव्या मशीनच्या जवळपास निम्मा, वर एवढे पैसे घालण्यापेक्षा नवीनच घ्या मॅडम. आणि हे भर जुलैत. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, रोजच्या रोज चादरी, दुपटी, गाऊन. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, त्यामुळे पावसाळ्यात इथे कपडे धुण्याचं काही नाही हो, ते पिळून किती कोरडे निघतात त्यावर सगळं घर चालतं. मिनिटाला बाराशे फेऱ्यांच्या स्पिनला खनिजाने भरलेला ट्रक घाट चढतोय असा आवाज यायचा, सासूबाई झोपेतून दचकून उठायच्या, म्हणून मी चारशेवर लावायचे, आणि चारशेवर चादर बाहेर निघायची ती ओलीगच्च, मग व्हरांड्यात लटकून लटकून तिला कुबट वास यायचा.

तुम्ही आलात आणि आधी प्लग काढलात. दार उघडून हात आत घातलात आणि ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवलीत. खडक खडक. बाहेरचा टब जागेवर आणि आतला ड्रम मात्र हलतोय, हे मला पण हात लावून बघायला लावलंत. मग मागचं झाकण काढून टॉर्च मारलात, टबाच्या मधोमध जिथे पुली असते तिथून खाली तपकिरी ओघळ आलेला होता. आधी सील गेलंय, मग बेअरिंग, असं तुम्ही तिथल्या तिथे सांगितलंत आणि पुढे म्हणालात, "बाये, हें उडोवपाचें न्हय." म्हणजे हे फेकून द्यायचं नाही.

काका, त्या एका वाक्याने मला किती धीर आला ते तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते.

आणि तुम्ही नुसतं दुरुस्त नाही केलंत, समजावून सांगितलंत. ड्रमचा दांडा टबातून मागे जातो, तो दोन बेअरिंगवर फिरतो आणि पाणी बेअरिंगपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये एक रबराचं ऑइल सील असतं. सगळा खेळ त्या सीलचा. त्याची कड झिजली की साबणाचं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, गोळ्या गंजतात आणि आवाज सुरू होतो. म्हणजे आवाज आला तेव्हा सील जाऊन बराच काळ झालेला असतो. म्हणूनच नुसती बेअरिंग बदलून जुनं सील ठेवणाऱ्यांवर तुमचा एवढा राग, आणि तो रास्त आहे, कारण तीच मशीन थोड्या महिन्यांत परत तोच आवाज करत येणार.

टब खाली घेण्याआधी प्रत्येक वायरचा फोटो माझ्या मोबाईलवर काढायला लावलात, काँक्रीटची वजनं काढून बाजूला ठेवलीत, स्प्रिंगा, पाइप, बेल्ट, सगळं शिस्तीत वर्तमानपत्रावर मांडलेलं. टबाची कड बघून तुमचा चेहरा खुलला, कारण आमचा टब बोल्टने जोडलेला निघाला. काही मशीनचे टब कारखान्यातच वेल्ड करून येतात, ते करवतीने कापल्याशिवाय उघडत नाहीत, आणि तिथे बिचारा ग्राहक खरंच अडकतो. शंभर रुपयांच्या रबरासाठी अख्खा टब फेकायला लावणारी ही रचना मला तरी अन्यायाची वाटते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्यात मोबाईल, गाड्या, शेतीची अवजारं यांच्या जोडीला घरगुती उपकरणंही धरलीत, हे मी पेपरात वाचलं होतं. पण त्याचा अर्थ मला आमच्या मागच्या अंगणात, तुम्ही त्या टबाचा एकेक बोल्ट सोडवत होता तेव्हा कळला.

ड्रमच्या मागे जो तीन पायांचा स्पायडर असतो त्यावर पांढरट खरपुड्या चढल्या होत्या. मला वाटलं संपलं सगळं. तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून खालचा धातू दाखवलात, ठोकून आवाज ऐकवलात, अजून भक्कम आहे म्हणालात. हा ॲल्युमिनियमचा असतो, पावडरचा थर साचून राहिला की तो हळूहळू खाल्ला जातो आणि तुटला तर मात्र मोठा खर्च, म्हणून पावडर बेताची टाका. दांड्यावर जिथे सील घासतं ती जागा तर तुम्ही नख फिरवून तपासलीत, तिथे खाच पडली असती तर नवीन सीलसुद्धा गळलं असतं. हे असं नखाने बघणं कुठल्या मॅन्युअलमध्ये असेल असं मला वाटत नाही.

जुनी बेअरिंग ठोकून बाहेर काढलीत आणि मोठं माझ्या हातात दिलंत. फिरवलं तर आत वाळू भरल्यासारखं करकरत होतं आणि बोटांना तपकिरी पाणी लागलं. कडेवरचा नंबर तुम्ही कपड्याने पुसून वाचलात, ड्रमकडचं ६२०६, पुलीकडचं ६२०५. हे नंबर जगभर सारखेच, कुठल्याही चांगल्या बेअरिंगच्या दुकानात मिळतात, त्यासाठी कंपनीच्या पार्टची वाट बघायची गरज नाही, फक्त दोन्ही बाजूंना रबर असलेलं मागायचं. हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. सील मात्र मापाचंच लागतं म्हणून तुम्ही जुनं खिशात घालून भर पावसात मडगावला गेलात. रेनकोट घालून स्कूटरवर निघालात तेव्हा सासूबाई खिडकीतून बघत होत्या, त्या अजून तुमची चौकशी करतात.

नवीन बेअरिंग पिशवीत गुंडाळून आमच्या फ्रीजरमध्ये बांगडे माशांच्या शेजारी ठेवलीत, थंड झाली की केसभर आकसतात आणि टबातल्या आपल्या खाचेत सहज बसतात म्हणून. मग जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग वर ठेवून हातोडीने गोल गोल फिरवत ठोकत गेलात, आतल्या रिंगला एकदाही धक्का नाही. बसेपर्यंत आवाज पोकळ येत होता आणि पूर्ण बसलं तसा एकदम घट्ट आवाज आला, तेव्हा तुम्ही थांबलात. सीलच्या कडेला ग्रीस, टबाच्या दोन भागांमधली रबर रिंग नवीन.

शॉक ॲब्सॉर्बर हाताने दाबून दाखवलेत, काहीच जोर लागत नव्हता, म्हणून स्पिनला मशीन भिंतीकडे सरकायची. ते जोडीने बदललेत. पण मोटरचे कार्बन ब्रश काढून बघितलेत, अजून लांब आहेत म्हणून परत तिथेच बसवलेत. मी विचारलं होतं, आलाच आहात तर तेही बदलून टाका ना, तर साफ नाही म्हणालात. झिजलेलं बदलायचं, चांगल्याला हात लावायचा नाही. बिलात चार पैसे सहज वाढले असते काका, मला काय कळणार होतं.

शेवटी मशीनखाली कोरडा पेपर पसरून रिकामी चालवलीत, बाराशेवर. पेपर कोरडा. आवाज फक्त वाऱ्यासारखा, आणि सासूबाई झोपल्या होत्या त्या झोपूनच राहिल्या.

आता सगळं तुम्ही सांगितलं तसंच चाललंय. धुऊन झालं की दार उघडं ठेवते, विहिरीच्या पाण्याचा लाल गाळ येतो म्हणून पाइपाच्या तोंडची जाळी काढून धुते, जड चादर एकटी टाकत नाही. चादरी सकाळी टाकल्या की पंख्याखाली संध्याकाळपर्यंत वाळतात. आजारी माणसाच्या घरात ही किती मोठी गोष्ट आहे ते ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांनाच कळेल.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, काकींना आणि मुलांना घेऊन घरी नक्की या, गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी बघायला आणि नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खायला. आणि शेजारच्या वहिनींची टॉप लोड स्पिनला धडधडा आपटते, त्यांनाही कुणीतरी नवीन घ्यायला सांगितलंय. तुम्ही बघेपर्यंत काही ठरवू नका असं मी त्यांना बजावलंय, तेव्हा या आठवड्यात जमेल तेव्हा एक फोन करा.

तुमची,
फोंड्याची बाय