अतिरंजितपणा ठरवून केलेला

जुन्या दूरचित्रवाणी मालिकांवर बेतलेल्या चित्रपटांना 'पोरकट नक्कल' ठरवणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. सगळ्यांना असे एकाच मापाने मोजणे पटले नाही.

'चार्लीज एंजल्स'चेच घ्या. चार्ली नावाच्या मालकासाठी काम करणाऱ्या तीन महिला गुप्तहेरांची ही मूळ अमेरिकी मालिका १९७६ ते १९८१ या काळात चालली, चित्रपट २००० साली आला. सुरुवातीलाच विमानात एका जुन्या मालिकेवरचा चित्रपट लागतो आणि एक प्रवासी वैतागतो. म्हणजे लेखकाचा आक्षेप चित्रपटाने आधीच स्वतःवर घेऊन टाकला आहे! पुढे गुंड तिघींपैकी एकीला, ड्रू बॅरीमोरला, खुर्चीला बांधतात. आपण त्यांना कसे लोळवणार आणि शेवटी मूनवॉक करत कसे बाहेर पडणार, हे ती त्यांना आधी सांगते आणि नेमके तसेच करते. तिन्ही नायिका पिस्तुलाला हात लावत नाहीत. हाणामारी सगळी हाँगकाँगच्या चित्रपटांच्या धाटणीची, अशक्य कोटीतली, पण जीव ओतून केलेली. मालिकेशी इमानही राखले आहे : न दिसणाऱ्या चार्लीचा आवाज इथेही जॉन फोरसाइथ यांचाच.

वडसा-गडचिरोलीकडे रात्रभर झाडीपट्टीचे (पूर्व विदर्भातल्या लोकरंगभूमीचे) नाटक पाहणारा प्रेक्षक खलनायकाच्या गडगडाटी हास्यावर शिट्टी मारतो, ती काही ते खरे वाटते म्हणून नव्हे. अतिरंजितपणा ठरवून केलेला असतो, ही जाण आपल्या विदर्भाला नवी नाही.

२००३ सालच्या दुसऱ्या भागात मात्र नुसताच गोंगाट आहे. त्याबाबत लेखकाशी सहमत.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर