मामा, तुम्ही अंधारात समोर जाऊन बसलात

मामा, रामराम.

दिव्यांचं काम करून तुमच्या शेडमधून गाडी काढली त्याला आज बारा दिवस झाले. त्या रात्री पैसे हातात ठेवून 'येतो' एवढंच म्हणालो आणि निघालो. मागे माल भरलेला होता आणि कल्याणचा बाजार पहाटे कुणासाठी थांबत नाही. बोलायचं राहिलं ते आज लिहितोय. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण जुनी पिकअप घेऊन रात्रीचा घाट उतरणारे आमच्याकडे घरटी एक आहेत. तुमचं नाव मात्र इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. जो विचारेल त्याला शेडपर्यंत आणून सोडीन.

मी तुमच्याकडे का आलो ते तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. 'दिवे गेले' म्हणालो, तुम्हीही जास्त विचारलं नाही. श्रावणातला सोमवार होता. कपर्दिकेश्वराची यात्रा झाल्यावर रात्री ओतूरहून मेथी-कोथिंबीर भरून निघालो. शेजारी थोरली मुलगी, तिला कल्याणला कॉलेजवर सोडायचं होतं. खुबी फाट्यापासूनच धुकं लागलं. माळशेज उतरायला लागलो आणि बोगद्याच्या अलीकडे केबिनमध्ये प्लास्टिक जळाल्याचा वास आला. दुसऱ्याच क्षणी दोन्ही दिवे गेले. नुसत्या काळोखाला डोळे सरावतात तरी. त्या धुक्यात स्टिअरिंगवरचा स्वतःचा हात दिसेना. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि पाठीवर टनभर माल. मधोमध थांबावं तर मागून येणारा ट्रक येऊन धडकायचा. तेव्हा पोरगी खाली उतरली, मोबाईलची बॅटरी लावली आणि कठडा चाचपत पुढे चालायला लागली. ती भर पावसात पुढे आणि मी बाप तिच्यामागे गाडी सरकवतोय. रुंद जागा सापडेपर्यंत आम्ही असेच गेलो. किती वेळ लागला ते सांगता यायचं नाही. सकाळी कोथिंबीर निम्म्या भावात गेली, त्याचं मला काहीच वाटलं नाही. पण ते चित्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही, मामा. हे लिहितानाही हात कापतोय.

आणि हे काही अचानक झालेलं नव्हतं. गाडी 2009 सालची, दिवे मंद झालेत हे मला कळत होतं आणि दीड वर्षात मी तीन ठिकाणी गेलो होतो. पहिल्याने गाडीकडे न बघताच 100/90 वॉटचे बल्ब घातले. मूळचे 60/55. वायर तीच, बटण तेच आणि एकेक बल्ब आठ अँपिअर ओढायला लागला. महिन्याभरात होल्डर तपकिरी होऊन वितळले. दुसऱ्याने चोवीसशे रुपयांचे एलईडी बसवून दिले. दुकानासमोर उजेड पांढराशुभ्र पडला, मलाही बरं वाटलं. धुक्यात शिरलो तर समोर चुन्याची भिंत. समोरचे सारखे अप्पर-डिपर मारायचे. एका एसटीच्या ड्रायव्हरने तर गाडी थांबवून मला झापलं आणि त्याचं बरोबरच होतं. तिसऱ्याने तीन दिवस गाडी ठेवून घेतली, जुने बल्ब परत घातले, 'सगळी वायरिंग नवी केली' म्हणून पैसे घेतले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. त्याने काय केलं होतं ते तुम्ही दाखवलंत तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. जुन्याच वायरी हाताने पिळून वरून काळी टेप, आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार. फ्यूज असता तर तो जळाला असता. तो नव्हता म्हणून वायर जळत गेली. मिस्त्री म्हणवून घेणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं मी मानणार नाही. त्याला माहीत होतं. गाडीत कोण बसणार आहे याचा विचार त्याने केला नाही, एवढंच.

तुम्ही आधी काही विकलं नाहीत. मीटर काढलंत, इंजिन चालू ठेवायला सांगितलंत. बॅटरीवर 13.8 व्होल्ट. बल्बच्या होल्डरवर 10.6. तो आकडा मला वाकून बघायला लावलात आणि म्हणालात, "बल्बाचा काय दोष? त्याच्यापर्यंत पोचतंय कुठं?" सगळा करंट डॅशबोर्डच्या बटणातून, मग स्टिअरिंगखालच्या डिपरच्या बटणातून, मग पंधरा वर्षांच्या बारीक वायरीतून फिरत फिरत पुढे जातो आणि व्होल्ट वाटेतच गळतात. व्होल्ट पाचव्या हिश्श्याने कमी झाले की उजेड निम्म्याच्याही खाली येतो, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. दीड वर्ष मी बल्ब बदलत बसलो होतो.

मग तुम्ही साधा 60/55 चा बल्ब अंगठा आणि बोटात धरून उजेडाकडे केलात. आत दोन तारा, आणि डिपरच्या, म्हणजे खालच्या झोताच्या तारेखाली पत्र्याची एवढीशी वाटी. नखाएवढीही नाही. ती वाटी खालचा उजेड अडवते म्हणून डिपरचा झोत रस्त्यावर राहतो, वर उडत नाही. दिव्यातला आरसा त्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. तिथे भलतं काही बसवलं की उजेड पसरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. एसटीवाला का चिडला होता ते मला त्या वाटीत दिसलं.

बाकी कामाचं जास्त लिहीत नाही. बॅटरीपासून फ्यूज घालून अडीच एमएमची वायर थेट दिव्यांपर्यंत, मध्ये दोन रिले, चिनी मातीचे होल्डर. आता बटणाने फक्त रिलेला इशारा द्यायचा, ओझं त्याच्यावर नाही. अर्थिंगच्या बोल्टखालचा गंज तुम्ही पॉलिश पेपरने घासत होतात तो आवाज तेवढा आठवतो. पत्रा चांदीसारखा होईस्तोवर सोडला नाहीत. परत मीटर लावलं, 13.4. मी खूश होऊन पैसे काढले तर तुम्ही हात मागे घेतलात.

"रिकाम्या गाडीचा झोत लावून उपयोग नाही. माल भरा आणि रात्री या."

मला तेव्हा खरंच कंटाळा आला होता. पण रात्री साडेआठला माल भरून आलो तर शेजारची सगळी दुकानं बंद आणि तुमच्या शेडमध्ये एक बल्ब जळत होता. जेवायला गेला नव्हतात. माल भरला की पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगा, दबतात, मागची बाजू बसते, नाक वर होतं आणि झोतही वर जातो. हे चालवणाऱ्याला आतून कळत नाही. भिंतीवर खडूने रेघ मारून तुम्ही दोन्ही दिव्यांचे स्क्रू फिरवलेत, डावा थोडा, उजवा थोडा. मला वाटलं झालं.

मग तुम्ही स्कूटर काढलीत. दिवे बंद करून रस्त्याच्या पलीकडे, पन्नास-साठ पावलांवर नेऊन तिच्यावर बसलात आणि ओरडलात, "डिपर लावा!" मी लावला. झोताच्या कडेला तुम्ही मला धूसर दिसत होतात. स्कूटरवर बसलेला एक म्हातारा माणूस, डोळे उघडे ठेवून माझ्या गाडीकडे बघणारा. बसलात, उठलात, परत बसलात. येऊन उजवा दिवा आणखी अर्धा आटा खाली केलात आणि परत तिकडे जाऊन बसलात. तीन वेळा. मी म्हणालो, "मामा, मला दिसतंय चांगलं, राहू द्या." तर म्हणालात, "तुम्हाला दिसतंय हो. येणाऱ्याला दिसायला नको का?"

मामा, पैसे मी देत होतो. समोरून येणारा कोण, कुठला, तो तुम्हाला कधी भेटणार नाही, तुमचे आभार मानणार नाही. त्याच्या जागी तुम्ही स्वतः जाऊन बसलात. पंक्चर काढताना चाकाला लावलेला दगड बरेच जण तसाच रस्त्यात टाकून जातात. निघताना तो उचलून कडेला टाकणारा एखादाच असतो, आणि त्याला बघणारंही कुणी नसतं. वाटेवर चालणाऱ्या बाकीच्यांचं बरं चाललंय ते अशा माणसांमुळे, असं मला फार वाटायला लागलंय. पूर्वी वाटायचं नाही. त्या तिघांनी माझ्याकडून साडेनऊ हजार घेतले, तुम्ही तेवीसशे. पण मी पैशांबद्दल बोलतच नाहीये.

त्याच रात्री घाट उतरलो. धुकं होतंच, पाऊसही होता. पण कठड्यावरचे काळे-पिवळे पट्टे एकेक करून समोर येत होते. मोरोशीच्या वर एका वळणावर हंड्याएवढा दगड रस्त्यात पडलेला मला लांबूनच दिसला. गाडी थांबवली, खाली उतरलो आणि तो ढकलून गटारात टाकला. समोरून एक मोटारसायकल येत होती, नवरा-बायको आणि मध्ये झोपलेलं लेकरू. त्याने डोळ्यांवर हात घेतला नाही. माझा डिपर चालूच होता, मी मुद्दाम बघितलं. कल्याणला पोचल्यावर पहाटे पाचला मुलीला फोन केला आणि नीट उतरलो म्हणून सांगितलं. ती जागीच होती.

गुरुवारी धाकट्या भावाची गाडी घेऊन येतोय. तिच्यातही त्या तिसऱ्यानेच हात घातलेला आहे. भिंतीवरची खडूची रेघ तेवढी पुसू देऊ नका. संध्याकाळी माल भरूनच आणतो, आणि येताना तुमचा डबा आमच्या घरचा आणतो.

तुमचा,
ओतूरचा मेथीवाला