शिकागोच्या काकूंना

प्रिय काकू,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले तर तुम्ही "ते राहू दे, जेवलीस का?" म्हणून विषयच बदललात. म्हणून हे जाहीर पत्र. माझ्यासारखी मोजक्या डॉलरांत शिकागो बघायला निघालेली आणखी मुलं असतील, त्यांच्याही ते हाती लागावं.

त्या रात्री बसमधून उतरून मी आधीच पैसे भरलेल्या स्वस्त मुक्कामी पोचले, तर तिथला माणूस म्हणाला, तुमच्या नावाचं बुकिंगच नाही. रात्रीचे साडेदहा, एप्रिल महिना, तळ्यावरून येणारा वारा जॅकेटातून आरपार जात होता. आईच्या वर्गमैत्रिणीची थोरली बहीण, एवढीच आपली ओळख. तरी फोन केला. तुम्ही एकच विचारलंत, "आत्ता कुठे उभी आहेस?" आणि म्हणालात, "रेड लाइन लोकल रात्रभर चालते. हॉवर्डकडे जाणारी गाडी घे, लोयोलाला उतर. मी तिथे आहे."

जिन्याखाली तुम्ही उभ्या होतात, हातात काकांचा तपकिरी स्वेटर. नमस्कार करायला वाकले तर आधी तो अंगावर चढवलात. घरी मुगाची खिचडी, वर तूप, बाजूला भाजलेला पापड. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणी मला वाढत होतं.

सकाळी टेबलावर विजेच्या बिलाचं जुनं पाकीट. आत रेल्वे-बसचं व्हेंट्रा कार्ड, पाकिटाच्या पाठीमागे तुमच्या बारीक अक्षरात सूचना. त्यातली पहिली मी कुठल्याही प्रवासवर्णनापेक्षा मोलाची मानते: "रेड लाइनने थेट जाऊ नकोस, ती भुयारात शिरते. फुलर्टनला उतर. त्याच फलाटावर पलीकडे ब्राऊन लाइन येते. पहिल्या डब्यात उभी राहा."

राहिले. गाडी घरांच्या मागच्या लाकडी जिन्यांना खेटून गेली, मग एकदम इमारती बाजूला झाल्या आणि वेल्स स्ट्रीटच्या पुलावर खाली हिरवट नदी. हीच ती नदी, जिचा प्रवाह १९०० साली कालवा काढून उलटा फिरवला, शहराचं सांडपाणी पिण्याच्या पाण्याच्या मिशिगन तळ्यात जाऊ नये म्हणून. क्विन्सी स्टेशनला उतरले, तर पायाखाली लाकडी फळ्या. ते स्टेशन १८९७ सालचं.

पाकिटावरच्या बाकी जागा सगळ्या फुकटाच्या होत्या. कल्चरल सेंटर, एकेकाळचं शहराचं वाचनालय; तिथल्या ३८ फुटी, टिफनी कंपनीच्या काचघुमटाखाली मी मान दुखेपर्यंत उभी होते. रस्ता ओलांडला की मिलेनियम पार्क आणि मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचं 'क्लाउड गेट' हे शिल्प. लिंकन पार्कचं प्राणिसंग्रहालय, तेही विनातिकीट. दोन दिवसांत कार्डाव्यतिरिक्त माझे पैसे गेले ते फक्त एका कॉफीवर.

तिसऱ्या दिवशी मात्र कलासंग्रहालयाबद्दल तुम्ही म्हणालात, "आर्ट इन्स्टिट्यूटला पैसे वाचवू नकोस," आणि गुडघा दुखत असताना सोबत आलात. मिशिगन अव्हेन्यूवर स्वामी विवेकानंदांच्या नावाची तपकिरी पाटी दाखवलीत. मग आत, फुलर्टन सभागृहाच्या बंद दारापाशी थांबून गोष्ट सांगितलीत. ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामीजींनी याच इमारतीत, सर्वधर्मपरिषदेत केलेलं भाषण आम्हाला शाळेपासून पाठ. त्याच्या आदल्या दिवसाबद्दल कुणी बोललं नव्हतं. परिषदेचा पत्ता हरवलेला, रात्र रेल्वेच्या मालधक्क्यावर काढलेली. सकाळी स्वामीजी दारोदार विचारत फिरले, लोकांनी दारं लावून घेतली. शेवटी दमून रस्त्याकडेला बसले, तेव्हा समोरच्या घरातून मिसेस हेल बाहेर आल्या. घरात नेलं, खाऊ घातलं, परिषदेच्या कचेरीत पोचवलं. स्वामीजी पुढे त्यांना 'मदर चर्च' म्हणत.

तुम्ही हे सांगत होतात आणि मला लोयोलाचा जिना दिसत होता. तिथे मला बोलता आलं नाही. तुम्हाला वाटलं मी दमले, म्हणून तुम्ही बाकावर बसवून पर्समधला लाडू काढून दिलात.

काकू, त्या चार दिवसांत तुम्ही माझ्याकडून भांडंसुद्धा घासून घेतलं नाहीत. निघताना डेव्हन अव्हेन्यूवर नेऊन भाजणीचं पीठ घेऊन दिलंत, "थालीपीठ लाव, बाहेरचं खाऊ नकोस." परवा लावलं. पहिलं तव्याला चिकटलं, दुसरं जमलं, खरपूस.

स्वेटर धुऊन या पत्राच्या प्रतीसोबत पाठवते आहे. व्हेंट्रा कार्डात पैसे भरलेत. तुमच्याकडे यापुढे येईल त्या मुलीला द्या. पाकीट मात्र परत करणार नाही. ते माझ्या टेबलासमोर भिंतीवर लावलंय.

गुडघ्याला जपा. काकांना नमस्कार.

तुमची,
साताऱ्याची पाहुणी