गॅमा किरणांआधी वर्गीकरण हवे

महोदय,

प्लास्टिकच्या कचऱ्यावर गॅमा किरणांचा मारा करून त्यापासून टिकाऊ वस्तू बनविण्याच्या तंत्राविषयीचे वृत्त आपल्या दैनिकात वाचले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०२१ मध्ये प्लास्टिक प्रदूषणाविरुद्ध अणुतंत्रज्ञान वापरण्याचा ‘न्यूटेक प्लास्टिक्स’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून या विषयाची चर्चा वाढली आहे आणि ती व्हायलाच हवी. मात्र पुनर्प्रक्रिया केलेल्या दाण्याच्या, म्हणजे भंगार वितळवून बनविलेल्या प्लास्टिकच्या बारीक गोळ्यांच्या, व्यवसायात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला वृत्तातील ‘प्लास्टिक’ हा सरसकट शब्द खटकला. गॅमा किरणांपुढे सगळे प्लास्टिक सारखे वागत नाही, आणि आपल्या भंगारात पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन हे जे दोन प्रकार हमखास एकत्र येतात, नेमके तेच परस्परांच्या उलट वागतात.

प्रथम एक शंका दूर करतो. या किरणांमुळे प्लास्टिक किरणोत्सर्गी होत नाही. गॅमा किरणांचा नेहमीचा स्रोत असलेल्या कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूमधून निघणाऱ्या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. ती अणूंमधील बंध तोडते, अणुकेंद्राला धक्का लावू शकत नाही. लासलगावच्या केंद्रात याच किरणांनी कांद्याचे कोंब रोखले जातात आणि तो कांदा आपण निर्धास्तपणे खातो. प्रश्न सुरक्षिततेचा नाही, मालाच्या गुणवत्तेचा आहे.

पॉलिएथिलीनवर, म्हणजे दुधाच्या पिशव्या आणि शाम्पूच्या बाटल्या ज्याच्या बनतात त्यावर, हे किरण पडले की त्याच्या लांब साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींना जोडल्या जातात आणि माल उष्णतेला अधिक दाद देईनासा होतो. ब्रिटनमधील हारवेल येथे चार्ल्सबी यांनी १९५२ मध्ये हा परिणाम दाखवून दिला आणि विद्युत केबलच्या वेष्टनापासून उष्णतेने आकसणाऱ्या नळ्यांपर्यंत एक मोठा उद्योग त्यावर उभा राहिला. पॉलिप्रॉपिलीनमध्ये मात्र जोडण्यापेक्षा तुटणे अधिक होते. त्यातच आत अडकून राहिलेले मुक्तमूलक, म्हणजे बंध तुटून उरलेले अतिक्रियाशील तुकडे, हवेतील प्राणवायूशी हळूहळू संयोग पावत राहतात, त्यामुळे विकिरणाच्या, म्हणजे किरणांचा मारा केल्याच्या, दिवशी धडधाकट दिसणारी वस्तू काही महिन्यांनी ठिसूळ होऊन तडकते. वैद्यकीय साहित्याच्या निर्जंतुकीकरणासाठी रूढ असलेली २५ किलोग्रेची (किलोग्रे हे शोषलेल्या किरण-ऊर्जेचे एकक) मात्रासुद्धा साध्या पॉलिप्रॉपिलीनला सोसत नाही, म्हणूनच गॅमाने निर्जंतुक करायच्या सिरिंजसाठी खास स्थिरकारके, म्हणजे प्लास्टिकची झीज रोखणारी द्रव्ये, घातलेला दाणा वापरावा लागतो.

आता भंगाराच्या गोदामात येऊ. शाम्पूची बाटली ‘एचडी’ची (पॉलिएथिलीनचा एक प्रकार) आणि तिचे टोपण ‘पीपी’चे (पॉलिप्रॉपिलीनचे) असते, दोन्ही एकत्रच येतात. धुण्याच्या टाकीत पेट (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) आणि पीव्हीसी (पाइपांचे प्लास्टिक) तळाशी जातात, कारण ते पाण्यापेक्षा जड आहेत. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन मात्र दोन्ही पाण्यापेक्षा हलके असल्याने शेजारी शेजारी तरंगतात. म्हणजे गॅमा किरणांपुढे ज्या दोघांची ताटातूट सर्वांत गरजेची, ते दोघेच आपल्या नेहमीच्या टाकीत वेगळे होत नाहीत. हा मिश्र लॉट तसाच विकिरणाला पाठविला, तर एकाच मात्रेत त्याचा एक घटक घट्ट होईल आणि दुसरा झिजेल. वितळवून एकत्र केले तरी ते एकमेकांत खऱ्या अर्थाने मिसळत नाहीत, आणि तडा बहुधा त्यांच्या सीमेवरूनच जातो.

पुनर्प्रक्रियेच्या दाण्यात आणखी एक अडचण असते. उन्हात पडून आणि वारंवार वितळून त्यातील मूळ स्थिरकारके बरीचशी संपलेली असतात, काही प्रमाणात ऑक्सिडीकरण आधीच झालेले असते, शिवाय शाईचे आणि रंगाचे अवशेष असतात. कोऱ्या दाण्यावर प्रयोगशाळेत मिळालेले आकडे त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. रुग्णालयांच्या लाल पिशवीतील नळ्या, बाटल्या आणि सुईविरहित सिरिंज निर्जंतुक व तुकडे करून पुनर्प्रक्रियेकडे जातात, याकडेही लक्ष वेधतो. त्यातील काही माल मूळ कारखान्यातच गॅमा किरणांखालून गेलेला असतो, पण दाणा विकत घेणाऱ्याला हा पूर्वेतिहास कळण्याची सोय नसते.

किरणांनी मजबूत झालेल्या पॉलिएथिलीनचीही एक किंमत आहे. साखळ्यांना जोडणारे आडवे बंध एका मर्यादेपलीकडे गेले की तो माल पुन्हा वितळत नाही आणि एक्स्ट्रुडरच्या (प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्राच्या) जाळीत गोळे होऊन अडकतो. आज टिकाऊ केलेली वस्तू उद्या पुनर्प्रक्रियेच्या कामाची राहत नाही, हे ‘पुनर्वापर’ हा शब्द वापरताना कोणी सांगत नाही. दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तूसाठी हा सौदा परवडेल. चार महिन्यांत फेकल्या जाणाऱ्या बादलीसाठी नाही.

हे तंत्र निरुपयोगी आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. टेफ्लॉनचे तुकडे किरणांनी ठिसूळ करून त्यांची वंगणात घालायची बारीक भुकटी करणे, ब्युटाइल रबराच्या जुन्या ट्यूबा मऊ करून पुन्हा वापरात आणणे, ही कामे उद्योगात रुळलेली आहेत. मिश्रणांतही, घटकांचे प्रमाण ठाऊक असेल आणि दोन्हींशी बंध जुळविणारे क्रियाशील द्रव्य सोबत घातले असेल, तर बेताच्या मात्रेने त्यांची सीमा सांधता येते. या सर्वांत कच्चा माल कोणता आहे हे आधी माहीत असते, आणि आपल्याकडे नेमके तेच नसते.

म्हणून अशा प्रकल्पांना सार्वजनिक निधी देण्यापूर्वी मालातील पॉलिप्रॉपिलीनचे प्रमाण, विकिरणाची मात्रा, ते हवेत केले की हवाविरहित स्थितीत, आणि उकळत्या झायलीन या द्रावकात न विरघळणारा, म्हणजे आडव्या बंधांनी जोडला गेलेला, भाग किती, एवढे तपशील जाहीर करण्याचे बंधन घालावे. ताणशक्तीची आणि आघाताची चाचणी विकिरणानंतर लगेच एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा एकदा व्हावी, आणि निधीचा पहिला हप्ता पॉलिप्रॉपिलीन वेगळे काढणाऱ्या, अवरक्त किरणांवर चालणाऱ्या वर्गीकरण यंत्रांसाठी राखून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्लास्टिक तंत्रज्ञ, ठाणे