लाल रेघेची जाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या दैनिकात आमच्या भागातून जाणाऱ्या एका प्रस्तावित रस्त्याची बातमी आली. बातमीबद्दल तक्रार नाही, तिच्याखालच्या नकाशाबद्दल आहे. दोन कॉलमांत बसवलेली हिरवी चौकट, तिच्यात पाच-सहा काळे ठिपके, ठिपक्यांना गावांची नावं आणि मधून गेलेली एक ठसठशीत लाल रेघ. प्रमाण नाही, उत्तर दिशा नाही, सूची नाही, नकाशा कशावरून काढला तेही नाही.

मी खानापूर तालुक्यातल्या (जि. सांगली) एका खेड्यात राहतो. 31 वर्षं भूमापनाची नोकरी केली. शंकू-साखळीपासून सुरुवात झाली, मग प्लेन टेबल आलं, निवृत्त होता होता अंतर आणि कोन मोजणारं ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मशीनही हाताळलं. गावात मला अजून कोणी नावानं हाक मारत नाही, ‘मोजणीदार’च म्हणतात. त्यामुळे पेपर आला त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या ओसरीवर सातजण कात्रण घेऊन हजर होते.

त्यांतले एक आजोबा ऐंशीच्या घरातले. जमीन तीन एकर. दोन्ही मुलं गलाईच्या धंद्यात, एक केरळात, एक तमिळनाडूत. आमच्याकडे हे नवल नाही. विटा-खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली आहेत. कात्रण आजोबांना गावात मिळालं नव्हतं, ते केरळातून मुलानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. आजोबा म्हणाले, “मोजणीदार, बघा की, माझं रान ह्या रेघंत गेलं का न्हाई? पोरगं तिकडं झोपंना झालंय.” आणि दोन बोटांनी नकाशा फाकवून मोठा करत राहिले.

मी पट्टी घेतली. माझ्या गावापासून तालुक्याच्या गावापर्यंत सरळ रेषेत 12 किलोमीटर. हे अंतर मला तोंडपाठ आहे. एकाच्या हातात पेपरचं छापील कात्रण होतं, त्यावर ते 2.4 सेंटिमीटर भरलं. म्हणजे 1 सेंटिमीटरला 5 किलोमीटर, अंकप्रमाण 1:5,00,000. मग लाल रेघेची जाडी मोजली, दीड मिलिमीटर. जमिनीवर ते होतात 750 मीटर. आमच्याकडचा गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद, जुन्या मोजणी-साखळीच्या लांबीएवढा. असे जवळजवळ 75 गुंठे एकापुढे एक मांडले तर तुमच्या रेघेची रुंदी होते. एवढा रुंद रस्ता मी तरी कुठे पाहिलेला नाही. उलट आजोबांचं तीन एकर चौकोनी धरलं तर बाजू साधारण 110 मीटर, तुमच्या नकाशावर पाव मिलिमीटरही नाही. त्या रेघेत असे सहा तुकडे शेजारी शेजारी बसतील. रान रस्त्यात गेलं की वाचलं, हे या नकाशाला विचारणंच चूक आहे. पण ते आजोबांना कोण सांगणार? नकाशानं सांगायला हवं होतं.

फोनवर फाकवूनही उपयोग नाही. चित्र वाढतं तशी रेघही वाढते, माहिती तेवढीच राहते. आमच्या खात्यात नवा माणूस आला की एका गोष्टीत हमखास चुकायचा: जिल्ह्याचा नकाशा ‘मोठ्या प्रमाणाचा’ आणि गावचा ‘लहान प्रमाणाचा’ म्हणायचा. आहे बरोबर उलटं. गावातल्या शेतांच्या हद्दी दाखवणारा गट नकाशा बृहत् प्रमाणाचा, त्यात बांध दिसतो. जिल्ह्याचा लघु प्रमाणाचा, त्यात गावाचा ठिपका होतो.

आणि ठिपक्याची तर वेगळीच गंमत आहे. आमच्या गावाचा ठिपका रेघेपासून चांगला लांब आहे. तो पाहून गावठाणातले काहीजण “आपण सुटलो” म्हणून घरी गेले. ठिपका कशाचा? पांढरीचा. जुन्या माणसांनी घरांची जागा ती पांढर आणि पिकाची जमीन ती काळी अशी वाटणी केली होती, आणि तेव्हा सगळं गाव पांढरीतच राहायचं. विहिरींवर मोटारी बसल्या तशी माणसं मळ्यात राहायला गेली, पुढे टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं तशी आणखी गेली. आज गावठाणात निम्म्या घरांना कुलूप आहे (मालक गलाईला) आणि नांदती चुलखंडं वस्त्यांवर आहेत. तुमची लाल रेघ त्या वस्त्यांच्या अंगावरून जाते. तिथे ठिपकाच नाही, म्हणून तिथे कोणी राहत नाही असं वाटतं.

माझी नात आठवीत आहे. ‘केंद्रित वस्ती’, ‘विखुरलेली वस्ती’ यांच्या व्याख्या घडाघडा म्हणते. विखुरलेल्या वस्तीचं उदाहरण विचारलं तर डोंगराळ भागाचं नाव घेते. स्वतः राहते मळ्यात, शेजारचं घर दीडशे मीटरवर!

माझ्याकडे भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशाची 47 के/11 ही जुनी शीट आहे, 1:50,000, म्हणजे 2 सेंटिमीटरला 1 किलोमीटर. विटा तिच्या अगदी खालच्या कडेजवळ येतं, त्यामुळे दक्षिणेकडची गावं बघायला पुढची शीट जोडावी लागते. नातीला ती पसरून दाखवली. तिनं पहिला प्रश्न विचारला, ओढे काळे का? कारण कोरड्या ओढ्याला तिथे काळी रेघ असते, निळा रंग पाण्याला. आमचा सगळा दुष्काळ त्या शीटवर काळ्या शाईत आहे. टेंभूचा कालवा मात्र तिच्यावर नाही, कारण शीट त्याच्या आधीची. सर्वेक्षणाचं साल समासात छापलेलं असतं, नकाशा वाचायचा तर तिथून सुरुवात करावी.

तर आपल्याकडे मागणी एवढीच. नकाशा छापाल तेव्हा उत्तरेचा बाण, नकाशाचा आधार आणि त्याचं साल द्या, आणि रेषाप्रमाण, म्हणजे किलोमीटरच्या खुणा केलेली छोटी पट्टी, द्या. आकड्यातलं प्रमाण नको. 1:5,00,000 छापलंत आणि पान बसवताना चित्र लहान केलंत, किंवा कोणी फोनवर वाढवलं, की तो आकडा खोटा पडतो. रेषाप्रमाण चित्राबरोबरच लहान-मोठं होतं, म्हणून ते कायम खरं राहतं. आणि नुसती कल्पना देण्यासाठी चित्र काढलं असेल तर ‘प्रमाणात नाही’ हे दोन शब्द पुरेत. भूसंपादनाच्या बातमीत एक ओळ आणखी टाका: कोणाची जमीन जाते ते अधिसूचनेतल्या गट क्रमांकांवरून आणि संयुक्त मोजणीवरून ठरतं, पेपरातल्या रेघेवरून नाही. गट नकाशा आता महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतो. सातापैकी एकालाही ते माहीत नव्हतं, केरळातल्या पोरालाही नाही.

आपल्या नकाशाचं कात्रण सोबत जोडलं आहे. रेषाप्रमाण मी पेन्सिलीनं काढलं आहे. उत्तरेचा बाणही काढला आहे, तो जरा तिरका दिसेल. दोन ओळखीची गावं धरून दिशा लावली, तेव्हा आपला नकाशाच पानात बसवताना फिरवला गेल्याचं लक्षात आलं.

आपला,
एक निवृत्त मोजणीदार
ता. खानापूर, जि. सांगली