गाळणीवरचं आपलं भांडण

कोथरूड, पुणे
रविवार

प्रिय मंगे,

तीन महिने पत्र नाही, त्याबद्दल काय बोलायचं ते फोनवर बोल, ऐकून घेईन. इथे सगळे बरे, गुडघा आहे तसाच. पण काल तुझा निरोप वाचला आणि राहवेना. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ६.२ आली म्हणून नाश्ता बंद, आणि अनशापोटी मोसंबीचा रस? अगं, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. त्यावर उभं राहून हे नको करूस.

२५० मिलीच्या ग्लासात तीन-चार मोसंबी जातात, म्हणजे वीसेक ग्रॅम साखर, वरून चिमूटभरही न घालता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये रसातली साखर मधाच्याच रांगेत बसवली, आणि असली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम, असं सांगितलं. तुझा सकाळचा एक ग्लास जवळपास सगळं खाऊन टाकतो. चार मोसंबी चावून खायला बसलीस तर दुसरीलाच पोट भरेल. रस दोन मिनिटांत उतरतो. एवढं फ्रुक्टोज, म्हणजे फळातली साखर, एकदम आलं की त्याचा भार यकृतावर, आणि रोजचंच झालं की त्याची तिथे चरबी.

आता गाळणी. होस्टेलवर तिच्यापायी आठ दिवस अबोला धरला होतास! तू आपटून आपटून चोथा काढायचीस आणि बादलीत टाकायचीस. मंगे, तो चोथाच आतड्यातल्या जिवाणूंचं जेवण. त्यातला पेक्टिन नावाचा तंतू आंबवून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. २०१६ च्या एका प्रयोगात चोथा न मिळालेल्या उंदरांच्या जिवाणूंनी आतड्याचा बुळबुळीत संरक्षक थरच कुरतडायला घेतला. माणसांवरचा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा २०२५ चा अभ्यास छोटा, १४ जणांचा. त्यात नुसत्या रसावर ठेवलेल्या गटाच्या तोंडात तीन दिवसांत दाहाशी संबंधित जिवाणू वाढले. आतड्यातला बदल त्यामानाने कमी होता, म्हणून घाबरू नकोस, पण रस सोड.

नाश्ता चालू कर. एक मोसंबी, फोडींवरचं पांढरं न सोलता, चावून. बरोबर मटकीची उसळ, पहिला आठवडा अर्धीच वाटी. एकदम वाढवलीस तर गॅस धरेल आणि तिसऱ्या दिवशी सोडून देशील. रस हवाच असेल तर चहाच्या कपाएवढा, जेवणाबरोबर, बिया काढून मिक्सरमधून, न गाळता. ज्यूसर नको, तो चोथा बाहेर टाकतो. आणि इथे बागांबाहेर सकाळी मिळतो तसला दुधीचा रस तिकडे कुणी दिला तर आधी थेंबभर चाख. कडू लागला तर सरळ ओतून दे, दुसऱ्या रसात मिसळूनही नको. त्यातल्या कडू विषाने रक्ताच्या उलट्या झाल्याच्या नोंदी आहेत.

एका ठिकाणी मात्र तुझी गाळणी जिंकली. भावोजी इन्शुलिन घेतात ना? त्यांची साखर ७० च्या खाली गेली तर गाळलेला रसच हवा, चोथ्याने वेळ जातो. अर्धा ग्लास द्यायचा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, वर आली नसेल तर परत तेवढाच. पण शुद्धीवर असतील तरच. नसतील तर तोंडात काही घालू नकोस, थेट दवाखाना.

सईचं ठरलं का? घराचा रंग झाला? एकदा सविस्तर कळव.

एचबीएवनसी पुढची तीन महिन्यांनीच कर, आधी केलीस तर पुरता फरक दिसणार नाही. रिपोर्ट आला की पहिला मला.

तुझी,
शैला