थिआनोच्या वचनांऐवजी एपिक्युरसचे मृत्युपत्र पाहा

महोदय,

ग्रीक तत्त्वज्ञ स्त्रियांचा विषय निघाला की पायथागोरसची बायको म्हणून सांगितल्या जाणाऱ्या थिआनोची वचने हमखास छापली जातात. मुलांचे लाड किती करावेत, नवरा गणिकेच्या नादी लागला तर बायकोने काय करावे, दासींना कसे वागवावे, असा मजकूर असलेली पत्रेही तिच्या नावावर आहेत. पण ती तिच्यानंतर कित्येक शतकांनी दुसऱ्याच कोणी लिहिली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पायथागोरसच्या पंथातील 17 नामवंत स्त्रियांची यादी मिळते, तीही सुमारे 800 वर्षांनंतरच्या आयाम्ब्लिकस या तत्त्वज्ञाकडून. बऱ्याच जणींची ओळख अमक्याची बायको, तमक्याची बहीण अशीच दिली आहे. थिआनो तर तिथे ब्रोटिनसची बायको आहे, पायथागोरसची नव्हे!

भक्कम पुरावा हवा असेल तर ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचे मृत्युपत्र वाचावे. त्याने अथेन्समध्ये 80 मिना, म्हणजे 8,000 द्राख्मा (ग्रीक नाणी) मोजून बाग घेतली; तीच त्याची शाळा. तिथे स्त्रिया शिकत होत्या. लॅम्पसाकसची थेमिस्टा नवरा लिऑन्टिअससह त्याची शिष्या होती. इ.स.पू. 270च्या सुमारास तो वारला. त्याचे मृत्युपत्र तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणाऱ्या डायोजेनिस लेर्शियसने उतरवून ठेवले आहे. त्यात फैद्रिऑन या दासीला तीन गुलाम पुरुषांबरोबर मुक्त केले आहे. दिवंगत मित्र मेट्रोडोरसच्या मुलीच्या पालनपोषणाची आणि हुंड्याची तरतूद आहे. मात्र तिचा नवरा निवडायचा एपिक्युरसचा उत्तराधिकारी हर्मार्कस याने, तोही सोबत तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांमधून, आणि तिने हर्मार्कसच्या आज्ञेत राहायचे ही अट. बागेचा कारभारही हर्मार्कसकडेच. शिकायला दार उघडे होते, वारसा मात्र पुरुषांकडेच गेला, हे एवढ्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

सिरीनीची अरेटी हा मोठा अपवाद. वडील अरिस्टिपसकडून ती शिकली आणि तिने आपल्या मुलाला शिकवले. त्याला ‘आईने शिकवलेला’ हेच नाव पडले.

एपिक्युरसच्या बागेतल्या लिऑन्टिऑन या स्त्रीने ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याचे खंडन करणारे पुस्तक लिहिले होते. ते आज उपलब्ध नाही. एका गणिकेने असे धाडस करावे याचा रोमन लेखक सिसेरोला राग आला, तरी तिची ग्रीक भाषा सुरेख असल्याचे त्याने मान्य केले. थिआनोच्या नावाने वचने छापताना ‘हे लेखन नंतरच्या काळातले’ एवढी ओळ तरी खाली द्यावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक